तांबड्या खांबाच्या डावीकडे

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी पाण्यावर पातळ धुकं, आठनंतर स्वच्छ ऊन. वारा जवळपास नाही. ओहोटी लागून तीन तास झालेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोडले.

मी एक पाती बोलतेय. मला पाहिलेली माणसं थोडी, कारण माझा जन्म पाण्याखाली राहण्यासाठीच. काही बोटींचं इंजिन आत असतं आणि त्याचा एक जाडजूड पाय मागच्या फळीबाहेर पाण्यात सोडलेला असतो. त्या पायाला पंखा असतो आणि पंख्याच्या खाली माशाच्या परासारखी एक तिकोनी पाती. ती मी. कारागीर मला स्केग म्हणतात, बाकीचे ‘खालची पाती’ म्हणून भागवतात. बऱ्याच जणांना मी आहे हेच ठाऊक नसतं, मोडेपर्यंत.

तारीख आणि हवा आधी सांगायची खोड मला बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींमुळे लागली. ते कुठलंही काम हातात घेतलं की वही उघडतात. वर तारीख लिहितात, खाली हवा, त्याखाली काम. शाळा सातवीतच सुटली, पण अक्षर असं की एकही ओळ वाकडी जात नाही. त्यांच्याविषयी पुढे बरंच सांगायचं आहे. आधी माझं थोडं.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलं, निवलं, साचा उघडला, आणि पाय आणि मी एकाच वेळी बाहेर आलो. आमच्यामध्ये सांधा नव्हता. मुळाशी मी बोटभर जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेली, मूळ ते टोक साडेनऊ इंच. ही जाडी कुणी कंजूषपणा करून कमी ठेवलेली नव्हती.

मला दोन कामं नेमून दिलेली होती. पहिलं, बोट सरळ धरायची. पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे बोट सारखी एका अंगाला ओढ घेते. ती ओढ मी पाणी कापत कापत सावरते. दुसरं काम कुणी उघड बोलून दाखवत नाही. पाण्याखाली काही आडवं आलं, तर पंख्याच्या आधी मी आपटायचं आणि मी मोडायचं. मी मोडले की धक्का तिथेच विझतो. नाहीतर तो वर चढतो. वर पंखा, पंख्याच्या वर गिअर, त्याच्यावर बोटीची मागची फळी, आणि फळीच्या पलीकडे माणसं.

अकरा वर्षं मला हे दुसरं काम करावं लागलं नाही, कारण बोट दाजींच्या हातात होती.

दाजी म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिस्त्रींचे दाजी म्हणून हळूहळू अख्ख्या धक्क्याचे दाजी झाले. अलीकडच्या वस्तीतून पलीकडच्या शहरात माणसं न्यायची, संध्याकाळी परत आणायची, हा त्यांचा धंदा. एका फेरीला पस्तीस मिनिटं लागत. वाटेत मध्यावर एक लांबलचक खडक पाण्याखाली दबा धरून बसलेला. त्याची खूण म्हणून दोन खांब रोवलेले, एक तांबडा, एक हिरवा. शहराकडे जाताना तांबडा डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या, आणि दोन्हींच्या मधून निघायचं. तांबड्याच्या डावीकडे गेलात की खडक. परतताना अर्थातच उलट, तांबडा उजव्या हाताला.

दाजी ही वाट गप्पा मारत काढायचे. बोटीचं चाक पुढे उजव्या बाजूला होतं. तिथे उभं राहून एक हात चाकावर आणि दुसरा हात बोलण्यासाठी मोकळा. मागच्या बाकावर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, रोज सकाळी सिस्टर बसायच्या. शहरातल्या रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. मला त्या टाचेवरून ओळखू यायच्या. बोट सुटली की त्यांची टाच फळीवर ठेका धरायची आणि धक्का दिसला की थांबायची.

तर ४ नोव्हेंबर. सकाळी आठ चाळीस. जाण्याची फेरी. मला आधी पाण्याचा रंग बदललेला जाणवला, मग थंडावा कमी झाला, म्हणजे तळ जवळ आला. आणि मग खडक. माझा खालचा तीन इंचांचा तुकडा तुटता तुटता राहिला आणि वाकून लोंबायला लागला. पंख्याला ओरखडासुद्धा आला नाही. वर कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं, दाजी म्हणाले, “काही नाही, काही नाही, ओंडका असेल,” आणि आम्ही पलीकडे पोचलो.

मिस्त्रींचं दुकान आमच्या वस्तीच्या धक्क्याच्या टोकाला, पत्र्याचं, एका खोलीचं. पुढे मोठं दार, आत लोखंडी घोडी, तिच्यावर दुरुस्तीला आलेला पाय टांगतात. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी अडकवलेलं. मिस्त्री मोडलेला तुकडा कधी फेकत नाहीत. तारेत ओवतात, चिठ्ठी बांधतात, खिळ्याला लावतात. कुणी हसलं तर म्हणतात, “नवीन तुकडा कसा लावायचा ते जुना तुकडाच सांगतो.”

दाजी दारातून आत आले ते डावा खांदा चौकटीला थडकवूनच.

“काय रे मिस्त्री, दार लहान केलंस की काय?”

“तुम्ही जाड झालात दाजी. ताईला सांगतो, वाढताना हात आखडता घे म्हणून.”

“ती आधीच आखडतेय. बघ जरा हिच्याकडे. धुकं होतं रे, काही दिसेना. खडकाला वाट सोडायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही.”

मिस्त्रींनी मला हातात घेऊन नीट पाहिलं. वहीत लिहिलं, ‘धुक्यात आपटली’. मग वरच्या ओळीत सकाळीच लिहिलेलं वाचलं. ‘आठनंतर स्वच्छ ऊन.’ पेन थोडा वेळ तसंच वहीवर टेकून राहिलं. पण त्यांनी काही खोडलं नाही आणि काही विचारलंही नाही.

दाजींना काही विचारणं मिस्त्रींना जमत नसे. मिस्त्री बारा वर्षांचे असताना आईवडील गेले, तेव्हा ताईंचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दाजींनी धाकट्या मेव्हण्याला घरी आणलं, आपल्या शेजारी जेवायला बसवलं आणि हातात पहिली कानस दिली. कानस कशी धरायची, जोर कुठे द्यायचा, कुठे नाही, सगळं त्यांनीच शिकवलं. अशा माणसाला ‘धुकं तर आठलाच गेलं होतं’ असं कसं म्हणायचं?

दुरुस्ती उत्तम झाली. मिस्त्रींनी पायातलं तेल काढलं, पंखा उतरवला, मला गोड्या पाण्याने तीनदा धुतलं, कारण खारं पाणी धातूच्या अंगात मुरलेलं असतं आणि जोड धरू देत नाही. मोडकी कड सरळ कापली. त्याच जातीची एक शाबूत बोट धक्क्यावर होती, तिच्या पातीवर पुठ्ठा धरून माप काढलं. नवा तुकडा कापला, शेगडीवर कोमट केला आणि आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग करून मला जोडला. घासून, रंगवून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून माझ्यावरून अंगठा फिरवला. सांधा हाताला लागला नाही. तुटका तुकडा खिळ्यावर गेला.

मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता त्या सफाईचा विचार आला की नको वाटतं.

यानंतरचं जे सांगते ते फक्त मला माहीत होतं. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, सकाळच्या फेरीला, आम्ही तांबड्या खांबाच्या डावीकडून निदान नऊ वेळा गेलो. पाणी भरतीचं होतं. खडक माझ्या टोकापासून कधी हातभर राहिला, कधी वीतभर. वर गप्पा चालू होत्या. सिस्टरांची टाच ठेका धरून होती. मला ओरडता येत नाही. मला मोडता येतं, तेही खडक लागला तर.

मंगळवार, २० जानेवारी. निरभ्र. वारा नाही, पाणी आरशासारखं. पूर्ण ओहोटी.

या वेळी पाच इंच गेले. तुकडा खडकातच राहिला असता, पण कातडं लोंबावं तसा एका कडेला धरून राहिला आणि माझ्याबरोबर दुकानात आला.

“लाट आली रे एक,” दाजी म्हणाले. “बाजूने ढकललं.”

मिस्त्रींनी वहीकडे पाहिलं नाही. तिथे काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. त्यांनी चहा ओतला, एक कप स्वतः घेतला आणि दुसरा दाजींच्या समोर, पण जरा डावीकडे, बाकड्यावर ठेवला.

दाजी बोलत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “चहा करतोयस ना? की नुसता वास दाखवतोस?”

“ठेवलाय की दाजी.”

“कुठे?”

“समोरच.”

दाजींनी मान फिरवली, अगदी खांद्यापर्यंत, तेव्हा त्यांना कप दिसला. त्यांनी तो उचलला. हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मी घोडीवर टांगलेली. माझ्यातून एक थेंब खाली पत्र्यावर पडत होता, त्याचाच काय तो आवाज.

“कधीपासून?” मिस्त्रींनी विचारलं.

“पावसाळ्यात एकदा चक्कर आली होती. डोकं दुखलं दोन दिवस. तेव्हापासून डावीकडचं... नसतंच. काळं नाही रे दिसत. नुसतं नसतं.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर काय सांगणार? घरी बसा. घरी बसून काय करू, भिंती रंगवू?” मग आवाज उतरवून म्हणाले, “मी आता मान फिरवून बघतो. सवय होतेय. ताईला सांगू नकोस. तिला झोप लागायची नाही. शब्द दे.”

मिस्त्रींनी शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई दुकानात आल्या. हातात डबा. तो बाकड्यावर ठेवून त्या माझ्याजवळ आल्या, मोडक्या कडेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“धाकट्या, पुन्हा आपटले ना रे ते?”

“ओंडका होता, ताई.”

“मला शिकवू नकोस. ताटात डावीकडची भाजी तशीच राहते रोज. मी मुकाट्याने ताट फिरवून ठेवते. दाढी करतात तर एक गाल तसाच.” त्या स्टुलावर बसल्या. “मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. तेवढं एक कर माझ्यासाठी. माझ्यासमोर ताठ राहता यावं म्हणून ते उभे आहेत. ते गेलं तर अंथरूण धरतील.”

“ताई, बोटीत माणसं असतात.”

“सिस्टर आहेत ना. मी बोललेय त्यांच्याशी. त्या आता पुढे डावीकडे बसतील. खांब आला की आवाज देतील.” जाताना दारात थांबून म्हणाल्या, “भाजी गरम आहे तोवर खा. आणि हिला चांगली कर.”

म्हणजे नवऱ्याचं बायकोपासून लपवायचं आणि बायकोचं नवऱ्यापासून, आणि दोघांनी शब्द घेतला तो एकाच माणसाकडून. असा माणूस मग करणार काय? त्याला एकच काम येत होतं. त्याने मला चांगली केलं.

फेब्रुवारीत वार्षिक तपासणी झाली. निरीक्षक धक्क्यावर आले. बोट गाड्यावर चढवलेली, मी उन्हात. त्यांनी गुडघे टेकून माझ्यावरून हात फिरवला, खालून वर, वरून खाली.

“झकास ठेवलीय. अकरा वर्षांची वाटत नाही. कधी आपटली नाही वाटतं?”

हा प्रश्न त्यांनी मिस्त्रींना विचारला. दाजी चार पावलांवर उभे होते, पाण्याकडे तोंड करून.

“नाही,” मिस्त्री म्हणाले.

निरीक्षकांनी कागदावर खूण केली.

सिस्टर खरोखरच पुढे बसू लागल्या. त्यांची टाच माझ्या डोक्यावरून गेली याचं मला वाईट वाटलं, पण त्यांचा आवाज लाकडातून खाली येत असे. “दाजी, तुमचा तांबडा पाहुणा आला हं!” रोज एकच थट्टा. दाजी म्हणायचे, “बसायला पाट द्या त्याला.” बोटीतली माणसं हसायची. कुणाला वाटायचं ही त्या दोघांची जुनी गंमत आहे. काहींना खरं काय ते कळलं असावं. पण वस्तीतून शहरात जाणारी दुसरी बोट नव्हती, आणि दाजींबद्दल वावगं बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

सोमवार, ९ मार्च. आकाश थोडं ढगाळ, हलका वारा. ओहोटी. सिस्टरांची सुट्टी होती.

तिसऱ्या वेळी मी मुळापासून गेले. माझ्यातलं मूळचं ओतकाम बोटभरच उरलं, पायाला चिकटलेलं. मी आता बोलतेय ती त्या बोटभर तुकड्याच्या आठवणीतून. पंखा या वेळीही वाचला. गिअर वाचला. फळी वाचली. अकरा प्रवासी बोटीत होते आणि संध्याकाळी अकराही जण घरी परतले.

दाजी दुकानात येऊन स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मिस्त्रींनी तिसरा तुकडा तारेत ओवला आणि तिन्ही खिळ्यांसमोर उभे राहिले. तीन तुकडे, तीन चिठ्ठ्या. तिन्ही जातानाच्या फेरीतले, तिन्ही ओहोटीचे, तिन्हींच्या डाव्या गालावर ओरखडे.

“दाजी, आता बस करा.”

“उन्हाळाभर. पावसाळ्यात फेरी बंदच असते. तोवर कुणी चालवणारा बघतो. मीच सांगेन सगळ्यांना.”

“नक्की?”

“तुला कधी खोटं बोललोय?”

मिस्त्रींनी धुक्याचं काढलं नाही, लाटेचंही काढलं नाही. ते कामाला लागले.

त्यांनी जे केलं ते प्रेमाने केलं, हे मला ठाऊक आहे. त्यांचे हात त्या दिवशी माझ्यावर होते. पुठ्ठ्याचं माप खिळ्यावरून काढलं, पण पत्रा निवडताना हात नेहमीच्या जाडीवरून पुढे सरकला आणि दीडपट जाडीचा पत्रा त्यांनी उचलला. तो मुळाशी जोडला. मग मागे सरून पाहिलं, समाधान झालं नाही. दोन्ही अंगांनी एकेक आधारपट्टी बसवली, वर पायापर्यंत नेलेली. चार दिवस चाललं. शेवटी माझ्यावर हातोडीचा दांडा ठोकला, मी घंटेसारखी वाजले.

“आता खडक फुटेल दाजी, ही नाही फुटायची.”

दाजींनी मला हाताने चाचपलं. “अशी कानस धरायला कुणी शिकवलं रे तुला?” ते म्हणाले.

मिस्त्रींसारख्या कारागिराला माहीत नव्हतं असं नाही. पाती मुद्दाम कमजोर का ठेवतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलेलं. पण तीनदा एकच वस्तू मोडून समोर येते, आणि ती मोडल्यावर समोर बसलेलं माणूसही थोडं थोडं मोडतं, तेव्हा हात ऐकत नाही. त्यांना दाजी मोडायला नको होते. त्यांनी मला मोडायचं बंद केलं.

शुक्रवार, २४ एप्रिल. निरभ्र, सकाळीच उकाडा. वारा दक्षिणेकडून, हलका. ओहोटीचा तळ.

बोट सुटायच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलं. श्वास लागलेला, ओठ निळे. सोबत त्यांची सून. सिस्टरांनी त्यांना मागच्या बाकावर छपराखाली निजवलं आणि त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांची टाच पुन्हा माझ्या डोक्यावर आली. या वेळी ठेका नव्हता.

“दाजी, जरा दामटा आज. वेळ नाही यांच्याकडे.”

दाजींनी इंजिन पुरतं उघडलं. इतक्या वेगाने आम्ही कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. मी पाणी सरळ कापत होते. बोट जराही ओढ घेत नव्हती. इतकं चांगलं काम मी कधी केलं नसेल.

सिस्टर पाठमोऱ्या होत्या, म्हाताऱ्यांची नाडी धरून. पाहुणा आला ते कुणी सांगितलं नाही.

पाण्याचा रंग बदलला. थंडावा गेला. खडकाला एक खाच आहे, उभी, हातभर खोल. मी त्या खाचेत गेले आणि अडकले. एरवी आपटल्यावर पाय वर उचलला जातो, ती सोय त्यात असते. पण मी खाचेत पाचरीसारखी बसले होते, मी सोडेना. मी मोडायला हवं होतं. मी मोडायचा प्रयत्न केला असं म्हणणं खोटं ठरेल, वस्तूला प्रयत्न करता येत नाही. जोड धरून राहिला. आधारपट्ट्या धरून राहिल्या. धक्का माझ्यातून वर गेला, पंख्यातून, गिअरमधून, आणि मागची फळी पायासकट उचकटून निघाली. दोन हात रुंद भोक पडलं. पाणी तिथून आलं, जिथे निजलेले म्हातारे होते आणि सिस्टर होत्या.

मी तळाशी गेले. वरचं मी पाहिलं नाही. सावल्या हलताना पाहिल्या, हात आणि पाय. छपराची एक सावली हळूहळू खाली येत गेली.

तिसऱ्या दिवशी मला साखळीने वर काढलं. धक्क्यावर माणसं उभी होती. मिस्त्री पुढे आले. वाकून त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, या वेळी डोळे उघडे ठेवून. माझा रंग खरवडलेला होता, बाकी काही नाही. मग ते उठून दुकानात गेले आणि तिन्ही खिळ्यांवरचे तुकडे व वही घेऊन निरीक्षकांच्या कचेरीत आले. मलाही पायापासून कापून तिथेच नेलेलं होतं, मेजावर जुन्या कागदांवर ठेवलेलं.

“हे काय?” निरीक्षकांनी विचारलं.

“तीन तुकडे. तिन्ही हिचेच.”

निरीक्षकांनी चिठ्ठ्या वाचल्या, मग वही वाचली. पानं उलटताना त्यांचा हात सावकाश चालला होता.

“फेब्रुवारीत मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

“तीन वेळा मोडली. मग चौथ्या वेळी का नाही मोडली?”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. “मी मोडू दिली नाही,” ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर दाजी आणि ताई बसलेले होते. ताई दाजींच्या डाव्या अंगाला होत्या. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि फिरून त्यांच्या उजव्या अंगाला येऊन बसल्या. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?” एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी होकारार्थी मान हलवली. मग मिस्त्री बाहेर आले आणि तिघंही त्या बाकावर बसून राहिले. बोलायला आता कुणाला कुणाची आडकाठी नव्हती, पण मला काही ऐकू आलं नाही.

मी आता त्याच कचेरीच्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, तीन तुकड्यांच्या शेजारी. पाणी नाही, खडक नाही. दार उघडलं की उजेड येतो, बंद झालं की जातो. तुम्ही कधी एखाद्या धक्क्यावर राहत असाल आणि कुणी तुमच्याकडे मोडकी पाती घेऊन आलं, तर माझं एक ऐका. ती जोडायच्या आधी ती आणणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि विचारा. तो वडीलधारा असला तरी विचारा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. आणि मग जोडायचीच असेल तर जेवढी होती तेवढीच करा, वर काही नको. माझं सांगणं इथे संपलं.

चौकशी शुक्रवारी, ५ जूनला पूर्ण झाली. हवा ढगाळ, दुपारी सरी. बोटीत नऊ जण होते, आठ वाचले, त्यात ते म्हातारे गृहस्थही. सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या खांबापासून अर्ध्या मैलावर सापडल्या. दाजींच्या दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला, परवाना कायमचा रद्द. मिस्त्रींच्या दुकानाला दोन वर्षं कुलूप. फेरी बंद. माझ्या मुळाशी बांधलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईने लिहिलंय: ‘तुकडा क्रमांक चार. पाती. लांबी साडेनऊ इंच. मोड नाही.’